दोन इस्पिक

वहीबाईंना घाबरायला कारण लागत नसे. दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला त्या अर्ध्या जिन्यातून हमखास परत जात, आणि परत गेल्यावर गॅसची आठवण झाली की पुन्हा एकदा आत शिरत. फोन वाजला की आधी कोण गेलं हा विचार, मग हॅलो. नवरा म्हणायचा, "अगं, एवढी धास्ती घेतेस, त्यातली थोडी उद्यासाठी ठेव." पण याच स्वभावाच्या जोरावर त्यांनी एका इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात एकतीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि त्या एकतीस वर्षांत एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर कधी गेलं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठी लावायच्या आधी वाचायची आणि लावल्यावर पुन्हा वाचायची. घाबरट माणसांची लोक उगीच टिंगल करतात, जगातली निम्मी कामं त्यांच्यामुळे बिनचूक होतात.

वहीबाई हे नाव त्यांना क्लबाने दिलं. क्लब म्हणजे काही थाटमाट नव्हे. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा एक हॉल, हिरवं कापड ताणलेली सात टेबलं, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. शनिवारी दुपारी तीन ते सहा तिथे ब्रिज चालायचा. त्यांचा जोडीदार त्यांचा नवराच. चौकातलं औषधाचं दुकान त्याचं, म्हणून क्लबात तो केमिस्ट. उंच, शांत, हसताना डोळे बारीक करणारा. दोघं तीस वर्षं एकमेकांसमोर बसून खेळत होती आणि टेबलावर एकदाही भांडली नव्हती. ब्रिज खेळणाऱ्या नवरा-बायकोबद्दल हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

न भांडण्याचं श्रेय त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीला होतं. ब्रिजमध्ये पानं हातात आल्यावर आधी बोली चालते. कुठला रंग हुकूम करायचा आणि किती हात जिंकायचे, हे जोडीने ठरवायचं, पण तोंडाने मात्र अवाक्षर काढायचं नाही. बोलीची छापील कार्डं पेटीतून काढून टेबलावर ठेवायची, त्यातूनच काय ते समजून घ्यायचं. कुठल्या बोलीचा काय अर्थ हे जोडी आधी घरी ठरवते, आणि वहीबाईंनी ते सगळं त्या वहीत उतरवून ठेवलं होतं. त्यातला कुठलाही नियम बदलायचा तर जुनी ओळ खोडायची, खाली नवी लिहायची, तारीख घालायची आणि दोघांनी सही करायची. सह्यांवरून क्लबात फार चेष्टा व्हायची. क्लबातले एक दंतवैद्य म्हणायचे, "लग्नाच्या वेळी तरी एवढी कागदपत्रं केली होतीत का?"

त्या वहीत क्यू बिडला अख्खं पान दिलेलं होतं, कारण ती बोलीच मुलखाची फसवी. समोरचा, म्हणजे प्रतिस्पर्धी, म्हणतो माझ्याकडे इस्पिक आहेत, आणि त्याच्यावर आपण म्हणायचं, दोन इस्पिक! आपल्याकडे इस्पिक आहेत असा त्याचा अर्थ नसतोच. तो जोडीदाराला पाठवलेला निरोप असतो, आणि निरोप काय ते प्रसंगावर. समोरच्याने पहिलीच बोली केली असेल आणि आपण लगेच त्याचाच रंग बोललो, तर उरलेल्यांपैकी दोन रंग माझ्याकडे लांबलचक आहेत. बोली वर चढल्यावर तोच रंग बोललो, तर त्यांचा रंग अडवणारं पान तुझ्याकडे आहे का, असेल तर बिनहुकमी खेळू. आपला हुकूम ठरून गेल्यावर वरच्या पायरीवर नवाच रंग बोललो, तर या रंगाचा एक्का माझ्याकडे आहे, चल स्लॅमला, म्हणजे तेरापैकी बारा हात मारू. आणि जोडीदाराने आधी बोली केलेली असताना समोरच्याचा रंग बोललो, तर... या शेवटच्या 'तर'नेच सगळा घोळ केला.

मार्चमधल्या एका शनिवारी वहीबाईंनी एक बदाम अशी बोली केली. डावीकडच्याने एक इस्पिक टाकलं. केमिस्टने शांतपणे दोन इस्पिकचं कार्ड ठेवलं. वहीबाई मनात म्हणाल्या, वा, यांना माझे बदाम चालतायत. त्यांची पानंही त्या दिवशी जोरात होती. त्यांनी थेट चार बदामचं कार्ड ठेवलं. केमिस्टने ठेवलं पाच चौकट. बदाम तर ठरलेच होते, तेव्हा हा चौकटचा एक्का आणि हे स्लॅमचं आमंत्रण. त्यांनी उत्साहाने सहा बदाम लावले. बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराने पानं उघडी ठेवायची असतात; केमिस्टने ती टेबलावर मांडली, आणि त्यात बदाम होता एकुलता एक. चौकट मात्र सात, म्हणजे पाच चौकट हा त्याचा स्वतःचा रंग होता. पाच हात कमी पडले. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बघायला आली.

"अहो, एका बदामावर दोन इस्पिक?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"अगं, क्यू बिड म्हणजे हात जोरदार आहे, पानं भारी आहेत, थांबू नकोस, एवढंच ना? बदाम चालतात असं कुठे म्हटलं मी? आपलं पहिल्यापासून हेच आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता. काळजी होती, आणि ती वहीबाईंविषयी होती.

 नवऱ्याचा आवाज इतका खात्रीचा होता की आपणच चुकलो हे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. त्यांची आई शेवटची चार वर्षं त्यांना मावशीच्या नावाने हाक मारत होती. ते विसरण्याचं दुखणं आईच्या बाबतीतही असंच क्षुल्लक गोष्टींपासून सुरू झालं होतं, दुधाचा हिशेब, शेजारणीचं नाव. आता माझी पाळी, असं वहीबाईंना वाटलं, आणि ते मनात घट्ट बसलं.

वही कपाटाच्या खालच्या खणात होती. ती उघडली की एका मिनिटात निकाल लागला असता. पण निकाल नकोच होता त्यांना. तीन आठवडे त्या खणाच्या बाजूलाही फिरकल्या नाहीत. सकाळी दात घासताना सात टेबलांवरच्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायच्या. भाजीवाल्यासमोर उभं राहून काय घ्यायला आलो होतो ते आठवेपर्यंत घाम फुटायचा. एकदा चष्मा सापडेना तेव्हा चक्क रडल्या, आणि चष्मा डोक्यावर होता. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं हा जगातल्या प्रत्येक चष्मेवाल्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी एका दुपारी, केमिस्ट दुकानात असताना, त्यांनी खण उघडला. क्यू बिडचं पान काढलं. पहिली ओळ त्यांच्याच अक्षरात होती: 'जोडीदाराच्या बोलीनंतर समोरच्याचा रंग - जोरदार हात, मोठ्या बोलीच्या (गेमच्या) आधी थांबायचं नाही.' तिच्यावर आडवी रेघ मारलेली होती. खाली दुसरी ओळ, केमिस्टच्या तिरक्या, औषधाच्या पुड्यांवर घडलेल्या अक्षरात: 'आजपासून - जोडीदाराचा रंग चालतो, दहा गुण किंवा वर.' गुण म्हणजे एक्का-राजा अशा मोठ्या पानांचे. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. दोन सह्या.

वहीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून एकट्याच मोठमोठ्याने हसल्या. चहा टाकला, त्यात दोन चमचे साखर घातली, बाहेर गॅलरीत जाऊन बसल्या. मी नाही. मी बरोबर होते. अकरा वर्षं आपण असंच खेळतोय आणि मला ते नीट आठवत होतं. अर्धा कप होईपर्यंत त्या एवढ्या खुशीत होत्या की समोरच्या घरातल्या कुत्र्यालाही त्यांनी हात केला.

मग उरलेला अर्धा कप हातात तसाच राहिला. त्या नाहीत, म्हणजे कोण?

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता. वहीबाई विसरल्या असत्या तर फार तर भाजी चुकली असती. केमिस्ट दिवसभर लोकांना औषधं देत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानात जायला सुरुवात केली. कधी डबा विसरला म्हणून, कधी घरात उकडतं म्हणून. दुकान लहान, लांबट, मागपर्यंत पांढऱ्या खणांच्या भिंती. काउंटरच्या एका टोकाला वजनकाटा, दुसऱ्या टोकाला पिशव्यांचा गठ्ठा, मध्ये केमिस्ट. सहा वर्षांपासून हाताखाली एक फार्मासिस्ट बाई होती, हुशार आणि अबोल, ती केमिस्टला सर म्हणायची. वहीबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून विणकाम केल्यासारखं करत, आणि डोळ्यांत तेल घालून नवऱ्याच्या हातांकडे बघत. डॉक्टरांची चिठ्ठी आली की त्यांची बोटं थांबायची. पिशवी गेली की पुन्हा चालू व्हायची. महिन्याभरात मफलरची चार बोटंसुद्धा विणून झाली नाहीत.

केमिस्टचे हात मात्र काही चुकत नव्हते. चिठ्ठी वाचायची, न बघता बरोबर खण ओढायचा, गोळ्यांची पट्टी कात्रीने कापायची, सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायच्या. गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांची, जावयांची चौकशीही त्याबरोबर चालायची. वहीबाईंना वाटायला लागलं की आपलं धास्तीखोर डोकं उगाच डोंगर उभे करतंय. एखादी ओळ माणूस विसरतो. वय झालंय.

मग एका दुपारी फार्मासिस्ट बाई जेवायला गेलेली असताना पोस्टातल्या बाई आल्या. थायरॉईडच्या गोळ्या, नेहमीच्याच. केमिस्टने खण ओढला, पट्टी पिशवीत टाकली, वर दोन गमतीचे शब्दही बोलला. पिशवी वहीबाईंच्या समोरून गेली आणि त्यांनी सवयीने पट्टी वाचली. चिठ्ठीवर पंचवीस मायक्रोग्रॅम होतं. पट्टीवर एकशे पंचवीस.

"थांबा हं," त्या उठल्या, "पिशवी खालून उसवलीय. दुसरी देते." पाठ वळवून त्यांनी पट्टी बदलली. घाईत खण दोनदा अडकला. पोस्टातल्या बाई आभार मानून गेल्या. केमिस्ट म्हणाला, "बघ, तू बसतेस त्याचा काहीतरी उपयोग होतो," आणि हसला.

वहीबाईंनी त्याला सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.  आज मी होते, उद्याही असेन, रोज बसेन, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हे म्हणजे गळक्या छपराखाली बादली धरून आयुष्यभर उभं राहायचं ठरवण्यासारखं होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तीस वर्षं समोर बसलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने म्हणायचं, की तुमचं डोकं चालेनासं झालंय?  रविवारी दुकान बंद असायचं, म्हणून रविवार त्यांना आवडायला लागला.

शनिवारचा खेळ चालूच होता. क्यू बिडची वेळ येऊ नये अशी त्या मनोमन प्रार्थना करायच्या, आणि पाच शनिवार ती आली नाही. सहाव्या शनिवारी त्यांच्या टेबलावर दंतवैद्य आणि त्यांची मेहुणी होती. मेहुणी कायद्याला पक्की. वहीबाईंनी पानं उचलली. बेताची पानं, पाच बदाम. एक बदामचं कार्ड ठेवलं. दंतवैद्यांनी एक इस्पिक ठेवलं.

केमिस्टने पेटीकडे हात नेला, थांबला, आणि दोन इस्पिकचं कार्ड टेबलावर ठेवलं.

 कार्ड ठेवताना केमिस्टचा अंगठा क्षणभर त्याच्यावर तसाच राहिला होता, ते वहीबाईंनी पाहिलं होतं.

आता पाळी मेहुणीची. ती कार्डाकडे बघून म्हणाली, "वहीबाई, या बोलीचा अर्थ काय हो?"

विचारायचा तिला पूर्ण हक्क होता. ब्रिजमध्ये चोरीछुपे काही चालत नाही. समोरच्याने विचारलं की बोली करणाऱ्याने नाही, त्याच्या जोडीदाराने अर्थ सांगायचा, आपलं काय ठरलंय ते खरं खरं आणि मोठ्याने. बोली करणाऱ्याने मुकाट ऐकायचं. आणि ऐकून आपली चूक कळली, तरी ती दुरुस्त करायची नाही. आपण काही ऐकलंच नाही असं समजून पुढे खेळायचं.

म्हणजे वहीबाई जे बोलतील ते केमिस्टला ऐकू जाणार होतं. 'जोरदार हात' असं म्हटलं की सुटका. तो हसेल, सगळं पहिल्यासारखं राहील. फक्त ते खोटं असेल, आणि सोमवारी दुकान उघडेल, आणि पोस्टातल्या बाई पुन्हा येतील. एखाद्या दिवशी वहीबाईंना ताप असेल, किंवा त्या बाथरूममध्ये असतील. हॉलमधला पंखा टकटक करत होता. मेहुणी वाट बघत होती.

"आमचं ठरलंय असं," वहीबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "माझे बदाम यांना चालतात. दहा गुण किंवा वर." एवढ्यावर कायदा संपत होता. पण त्या थांबल्या नाहीत. "अकरा वर्षं असंच आहे."

केमिस्टने मान वर केली नाही. तो आपल्या पानांकडे बघत होता. कानाची पाळी मात्र हळूहळू लाल होत गेली. तीस वर्षांत वहीबाईंनी त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं, हात पुढे करून त्याचा हात धरावा, पण टेबलावर तेही चालत नाही.

मेहुणीने पास ठेवला. वहीबाईंनी तीन बदाम ठेवलं.  आता केमिस्टला सगळं कळलं होतं, पास म्हटलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. पण कळलं होतं ते बायकोच्या तोंडून, आणि त्याचा उपयोग करणं म्हणजे चोरी. त्याने पेटीतून चार चौकट काढलं आणि सरळ रेषेत ठेवलं, चूक माहीत असताना. वहीबाईंनीही वहीत होता तोच अर्थ धरला, चौकटचा एक्का, आणि बेताच्या पानांवर जमेल तेवढं ठेवलं, चार बदाम. पुढे सगळे पास. दोघांनीही उघड्या डोळ्यांनी तो खड्डा पाहिला होता, आणि दोघं नियमाने त्यात उतरली.

केमिस्टने पानं मांडली. नेहमीसारखी रंगवार, टोकाला टोक जुळवून. सगळ्यात शेवटी बदाम.

"एकच आहे," तो म्हणाला.

तीन हात कमी पडले. दंतवैद्यांनी चेष्टा केली नाही, त्याअर्थी त्यांनाही काहीतरी दिसलं होतं.

घरी जाताना दोघं बागेच्या कडेच्या रस्त्याने चालली. ऊन उतरलं होतं, पोरं सायकली फिरवत होती. कोपऱ्यावर आल्यावर केमिस्टने विचारलं, "मार्चमध्येही हेच झालं होतं ना?"

"हो."

"मग तू दुकानात येऊन बसतेस, तिथे काय चुकलं?"

वहीबाईंना वाटलं होतं तो आधी खेळाबद्दल बोलेल. पण तो नाकासमोर चालणारा माणूस होता, थेट तिथेच गेला. त्यांनी सांगितलं. पोस्टातल्या बाई, पंचवीस, एकशे पंचवीस, उसवलेली पिशवी. केमिस्ट बागेच्या कठड्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या हातांकडे बघत राहिला, ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखा.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटत होती."

"आणि मला वाटत नव्हती?" त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. घड्यांवर विरलेला, बरेच दिवस वागवलेला. वहीबाईंनी तो उलगडला. क्यू बिडचे सगळे अर्थ, एकाखाली एक, त्याच्याच अक्षरात. दोन लांब रंग, बरोबर. अडवणारं पान, बरोबर. एक्का, बरोबर. आणि सगळ्यात वर, ठळक, दोनदा गिरवून: 'जोरदार हात.'

"हा आठवून आठवून लिहिला," तो म्हणाला. "दर शनिवारी निघायच्या आधी वाचतो. तू मार्चमध्ये चुकलीस असं मी म्हणालो खरं, पण घरी आल्यावर माझीच खात्री पटेना. वही उघडायची हिंमत झाली नाही. काय निघेल कोण जाणे."

तीन आठवडे एकाच खणाला दोघंही वळसा घालून जात होती, हे वहीबाईंना तेव्हा कळलं.

घरी आल्यावर त्याने स्वतः वही काढली. दिवा लावून टेबलाशी बसला, पान शोधलं, खोडलेल्या ओळीवर आणि खालच्या ओळीवर बोट फिरवलं. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "सही माझी आहे. लिहिल्याचं मात्र काही म्हणजे काही आठवत नाही."  वहीबाईंनी आता मात्र त्याचा हात धरला. तो थंडगार होता. "सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ," त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली.

मग त्याने पेन घेतलं, कोरं पान काढलं आणि जपून, एकेक अक्षर लावत लिहिलं: 'आजपासून - दुकानातली प्रत्येक चिठ्ठी आणि प्रत्येक पट्टी फार्मासिस्ट बाई वाचणार. मी फक्त पिशवी देणार. त्या नसतील तेव्हा दुकान बंद.' खाली तारीख घातली. सही केली. खिशातली दुकानाची किल्ली काढून वहीवर ठेवली आणि पेन वहीबाईंपुढे केलं.

"मी हे विसरेन," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी काउंटरवर जाऊन उभा राहीन, तुझ्याशी भांडेन, म्हणेन आपलं पहिल्यापासून असंच आहे. त्या दिवशी हे पान दाखव. आणि आज टेबलावर सांगितलंस तसंच सांग. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस."

वहीबाईंनी सवयीने सगळं पुन्हा एकदा वाचलं. त्यात चूक नव्हती. त्यांनी त्याच्या सहीशेजारी आपली सही केली.